मिठाच्या कादंबरीचा शेवट

शुभदा,

तुझ्या तेराव्याला मुकुंदने तुझ्या वह्या माझ्या हातात दिल्या. कापडी पिशवीत भरल्या होत्या, वर ती इटालियन कादंबरी. म्हणाला, ताई तर गेली, आता याचं काय करायचं ते तुम्हीच सांगा. तुमच्या दोघींच्या पुस्तकाची सहा प्रकरणं प्रकाशकाकडे तयार आहेत, सातव्यासाठी तो थांबलाय. मी पिशवी घेतली आणि खाली उतरले. तुमच्या मुलुंडच्या तिसऱ्या मजल्यावरून मी बारा वर्षं दर रविवारी उतरले, पण हातात काही घेऊन कधी उतरले नाही. वह्या तुझ्याकडेच राहायच्या. आमच्या कांजूरच्या घरात जागा नाही, असं मी सांगायचे. खरं कारण ते नव्हतं. वह्या घरी नेल्या असत्या तर अर्धं काम माझं आहे हे कबूल करावं लागलं असतं, आणि मग तू आभार मानले असतेस. ते मला झेपलं नसतं.

त्या दिवशी लोक तुझ्याबद्दल चांगलं बोलले. किती भाषा यायच्या, किती वाचन होतं, स्वभाव किती गोड. गोड? मला हसू आलं. मी ताटातली जिलेबी तशीच ठेवून कोपऱ्यात बसून राहिले. तुझ्याशी मी नऊ महिने बोलले नव्हते हे तिथे कोणाला माहीत नव्हतं. सगळे मला तुझी सर्वात जवळची मैत्रीण म्हणून पुढे बसा म्हणत होते.

तुझं इटालियन कुठून आलं हे त्यांच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं. तू एका कंपनीसाठी बिस्किटं पॅक करायच्या मशिनींची माहितीपुस्तकं भाषांतर करायचीस. मशिनी तिकडून यायच्या, पुस्तकंही तिकडूनच. त्या पोटापाण्याच्या भाषेतून तू कादंबऱ्यांकडे गेलीस, आणि तुझं मराठी मात्र मशिनीपाशीच राहिलं. इंग्रजी शाळेत शिकलेली तू. पहिल्या रविवारी तू मला जे वाक्य वाचून दाखवलंस ते मी अजून विसरलेले नाही. ‘त्या स्त्रीने आपला हात भाकरीच्या दिशेने कार्यान्वित केला.’ मी इतकी हसले की तुझी आई आतून बघायला आली. तू चिडलीस. मग म्हणालीस, तू लिही ना मग, मोठी आलीस मराठीची बाई.

मराठीची बाई मी होतेच. आमच्या घरात पहिली पदवी माझी. बाबा गिरणीत होते, आणि गिरणी गेल्यावरही त्यांनी माझं कॉलेज सुटू दिलं नाही. घाटकोपरच्या त्या कॉलेजात तू इंग्रजीच्या वर्गात आणि मी मराठीच्या, आणि दोघींचं भांडण कँटीनमध्ये. पुढे मी शाळेत लागले, पोरांना व्याकरण शिकवत राहिले. माझा तोरा मला माहीत आहे. कोणी मला काही समजावून सांगायला लागलं की माझ्या कपाळावर आठी येते. तू मात्र समजावून सांगायची नाहीस. तू विचारायचीस, ‘हे मराठीत कसं बोलतील गं?’ म्हणून मी टिकले.

आपली पद्धत बाहेरच्या माणसाला वेडेपणा वाटली असती. वहीच्या डाव्या पानावर तू इटालियनचा तुझ्या मोडक्यातोडक्या भाषेतला अर्थ लिहायचीस, उजव्या पानावर मी त्याचं मराठी करायचे. कादंबरीचा थोडा भाग असा उतरला की तिच्याच काळातल्या एखाद्या चित्रकाराची चित्रं समोर मांडायची. आणि मग त्याच कादंबरीवरचा सिनेमा, पण आधी आवाज बंद करून. हा नियम तुझा होता. तू सांगायचीस की तिकडे सिनेमात आवाज मागाहून भरायचे, चेहरा एकाचा असायचा आणि आवाज भलत्याचाच. म्हणून आधी नुसतं बघायचं, चित्र बघतो तसं. पडद्यावरच्या बाईचा आवाज तिचा नाही हे ऐकून मला पहिल्यांदा फसवल्यासारखं वाटलं होतं. तू म्हणालीस, फसवणूक कसली, आपलंही तेच चाललंय, चेहरा माझा आणि आवाज तुझा.  त्यावर मी बहुतेक चहा ठेवायला उठले.

मी तोवर समजत होते की कादंबरी लिहिणारा एका जागी बसतो, चित्र काढणारा दुसऱ्या, सिनेमावाला तिसऱ्याच. तू दाखवलंस की युद्ध संपल्यावर त्या देशात हे सगळे एकाच टेबलावर बसत होते. लेखक पोट भरायला सिनेमासाठी लिहीत होते. सिनेमावाले कॅमेरा उचलण्याआधी प्रसंग कागदावर रेखाटून बघत होते. एकाला सुचलेली भिंत दुसऱ्याच्या चित्रात आणि तिसऱ्याच्या सिनेमात उभी राहायची. आपलं पुस्तक त्यावरच होतं. एकाने दुसऱ्याकडून काय घेतलं, आणि घेताना काय गाळलं. गाळलेलं शोधायची खोड माझी. तुला घेतलेलं दिसायचं.

आणि मग सातवं प्रकरण आलं, मिठाचं.

दक्षिणेकडच्या एका किनाऱ्यावर मिठागरात राबणाऱ्या बाईची ती कादंबरी. तिकडे मिठाला काय म्हणतात ते तू सांगितलंस आणि आपण दोघी त्या ‘साले’वर अर्धा तास खिदळलो, वयाला न शोभेलसं. मग तू पानं वाचायला लागलीस. मीठ ओढणं, ते टोपलीत भरणं, पाणी सुटतं तेव्हा पायाखाली होणारा चरचर आवाज. तुझ्याकडे शब्दकोशातले शब्द होते. मी सांगितलं, थांब, हे आईला विचारते. संपानंतर बाबा घरी बसले तेव्हा माझ्या आईने कांजूरच्या मिठागरावर काम केलं होतं, हे मी तुला बारा वर्षांत पहिल्यांदा सांगितलं. तू डोळे मोठे केलेस, पण काही म्हणाली नाहीस. त्याबद्दल मी मनातल्या मनात तुझे आभार मानले होते.

एका रविवारी आईला घेऊन आले. सिनेमा लावला, आवाज बंद. पांढरे ढीग रांगेने, मागे आडवी क्षितिजाची रेघ, मध्ये ती बाई. हुबेहूब त्या चित्रकाराचं चित्र, ज्याचं छापील पान तू भिंतीला टेकवून ठेवलं होतंस. त्यातही बाई गुडघ्यापर्यंतच. तू हरखून दाखवत होतीस की बघ, कॅमेऱ्याने चित्रकाराची चौकट जशीच्या तशी घेतली. आई पदराने चष्मा पुसत बसली होती. तिने शांतपणे तिच्या मालवणीत विचारलं,

“ह्या बायलेचे पाय खंय आसत?”

तू रिमोट दाबून सिनेमा थांबवलास. आई म्हणाली, मिठात पयले पाय जातत, हात मागसून. मग तू कादंबरीची पानं उलटलीस आणि आपल्या दोघींच्या लक्षात आलं. कादंबरीत दोन अख्खी पानं त्या बाईच्या पायांवर आहेत. भेगा, त्यात शिरलेलं मीठ, पायांना तेल लावून देणारी तिची धाकटी बहीण. चित्रकाराने ते पाय गाळले आणि सिनेमावाल्याने चित्रकाराचं गाळणंसुद्धा उचललं. सातव्या प्रकरणाचा मुद्दा माझ्या आईने सांगितला, चष्मा पुसता पुसता.

तिथून आपलं भांडण सुरू झालं. तू म्हणायचीस, चित्राला कुठेतरी कापावंच लागतं. मी म्हणायचे, मग नेमके पायच का कापले जातात? तू म्हणायचीस, तुला सगळीकडे तेच दिसतं. मी म्हणायचे, तुला दिसत नाही कारण तुझ्या घरात कोणाचे पाय फुटलेले नव्हते. हे जरा जास्त झालं होतं, मला तेव्हाही कळलं. सिनेमातली ती बाई मुळात नटी नव्हती, गावातलीच होती, तिला उन्हात उभं करून तिच्यावर दुसरीचा आवाज भरला, नावसुद्धा कुठे दिलं नाही, असं मी टेबलावर हात आपटून बोलत राहिले. दाखवायचं तर पाय दाखवा, नाही तर गरिबाचं चित्र काढू नका. तू ऐकून घेतलंस. मला वाटलं, तू नुसतंच ऐकून घेतलंस.

मग फेब्रुवारीत मुलुंडच्या वाचनालयातला तो कार्यक्रम. तुला सातव्या प्रकरणावर बोलायला बोलावलं होतं. चाळीसेक माणसं, बहुतेक निवृत्त. आईने नवी साडी नेसली होती, तिला पुढच्या रांगेत बसवलं. तू छान बोललीस. चौकटीचं सांगितलंस, कादंबरीतल्या पायांचं सांगितलंस, आणि हे आपल्याला कोणी दाखवून दिलं तेही सांगितलंस. सगळ्यांनी आईकडे वळून टाळ्या वाजवल्या. माझी मान ताठ झाली. तेवढ्यात दुसऱ्या रांगेतले एक गृहस्थ उठले, फार अदबीने म्हणाले, की मावशींचे पाय बघायला मिळाले तर विषय अधिक स्पष्ट होईल.

तू आनंदाने म्हणालीस, “दाखवा ना काकू.”

आईने चप्पल काढली. साडी जरा वर धरली आणि पाय पुढे केला. मागच्या रांगेतली माणसं उठून उभी राहिली. एकीने मोबाइल काढला. मी आईचा दंड धरला, तिची चप्पल माझ्या हातात घेतली आणि तिला बाहेर आणलं. तू माइकवरून मला हाक मारत होतीस. आई रस्त्यावर अनवाणी, मला विचारत होती की काय झालं, चहा होता ना नंतर.

त्यानंतर मी तुझा फोन घेतला नाही.

आईला काहीच वाटलं नव्हतं, शुभदा. त्या रात्री ती म्हणाली, माका काय झाला, पायच ते, बघल्यानी तर बघल्यानी. मी तिच्यावर ओरडले. म्हटलं तुला कळत नाही. कळत मलाच नव्हतं. तू गेल्यावर, गेले पंधरा दिवस, मी हे उलटंसुलटं करून बघतेय. तू त्या दिवशी माझंच ऐकलं होतंस. वर्षभर मी तुझ्या डोक्यावर बसले होते की पाय दाखवा, पाय दाखवा. तू दाखवलेस. आणि ते माझ्या आईचे निघाले तर मला ते झाकायचे होते. चाळीस माणसांसमोर मराठीची बाई कुठून आली ते उघडं पडलं, हे मला लागलं. आईचा अपमान मी पुढे केला, कारण माझा स्वतःचा सांगण्यासारखा नव्हता. हे मी तुला तोंडावर सांगायला हवं होतं. तू चिडवलं असतंस. चार दिवस नावं ठेवली असतीस आणि मग वही उघडली असतीस.

तुझे तीन निरोप माझ्या मोबाइलवर आहेत. पहिला, फोन उचल यार. दुसरा महिन्याभराने. त्यात तू सिनेमातलं एक चित्र पाठवलं होतंस. मिठाच्या पाण्याचा वाफा, त्यात त्या बाईचं प्रतिबिंब. खाली लिहिलं होतंस, ‘हे बघ. पाय आहेत. उलटे आहेत, पण आहेत.’ मी दोन बोटांनी ते मोठं करून बघितलं. खरंच होते. वरची चौकट गुडघ्यावर कापलेली, आणि खाली पाण्यात पाय, बोटांसकट. बारा वेळा तरी बघितला असेल आपण तो सिनेमा, आणि दोघींनाही दिसले नव्हते. म्हणजे त्या सिनेमावाल्याला ते गाळायचे नव्हते, की नकळत आले? चित्रकाराच्या चौकटीतून कादंबरी परत आत शिरली, की पाण्याने आपलं काम केलं एवढंच? माझ्याकडे त्यावर बोलायला खूप होतं. मी शाळेतल्या स्टाफरूममध्ये बसून मनात तुझ्याशी तासभर भांडले, आणि उत्तर दिलं नाही. मी वाट बघत होते. तू आमच्या घरी येशील, आईची माफी मागशील, मग बघू.

तिसरा निरोप, ‘बरं नाहीये. जमलं तर ये.’ तुझं पित्त मला माहीत होतं. मला वाटलं, आता ही आजाराचं निमित्त करतेय. पोटात गाठ होती हे मुकुंदने फोन करून सांगितलं तेव्हा तुला हॉलमध्ये झोपवलेलं होतं आणि माणसं जमली होती.

मुकुंद भला माणूस आहे. वह्या देताना त्याने उपाय पण सांगितला. म्हणाला, उरलेली चाळीस पानंच तर आहेत, मोबाइल पानावर धरा, तो मराठीत करून देतो. तुझं डावं पान जिथे थांबलंय तिथे ती बाई मिठागराच्या बांधावर उभी आहे आणि मुकादम तिला हाक मारतोय. सिनेमात ती वळते आणि चालायला लागते, संपलं. पुस्तकात शेवट वेगळा आहे, एवढंच तू मला सांगितलं होतंस. मी विचारलं की हसायचीस, तिथवर पोचू तेव्हा कळेल, घाई काय आहे. म्हणून काल मी मोबाइल धरला, शेवटच्या पानावर नाही, पुढच्याच पानावर. वाक्य आलं. स्वच्छ मराठी, एकही चूक नाही. मी पेन उघडून बसले होते, सवयीने, आणि दुरुस्त करायला काही नव्हतं. मी मोबाइल बंद केला. तो शेवट कळून मी काय करू? तो मला पटला नाही तर कोणाला सांगू? पटला तर कोणापाशी लपवू?

सहा प्रकरणं छापा, असं मी मुकुंदला कळवलं. सातवं नको. त्याने कारण विचारलं, मी म्हटलं, पुरं झालेलं नाही. 

हे सगळं मी काल संध्याकाळी आईला सांगत होते. ती तांदूळ निवडत होती. म्हटलं, शुभदा तुझी माफी मागायला आली असती तर हे इतकं लांबलं नसतं. आई मान वर न करता म्हणाली, ती आली होती की.

त्या कार्यक्रमानंतर आठ दिवसांनी. मी शाळेत असताना. तू आमच्या घरी येऊन आईच्या समोर रडलीस, आणि आईला कळेना की ही कशासाठी रडतेय. तिने तुला समजावलं, चहा केला, म्हणाली, आमचा चेडू तापट आहे, मी तिच्याशी बोलते. आणि संध्याकाळी मी घरी आल्यावर माझा चेहरा बघून तिने तो विषय उद्यावर ढकलला. मग परवावर. मग तिच्या मनातून तो गेला. तिच्या लेखी काही घडलंच नव्हतं, तर लक्षात काय ठेवणार? मी नऊ महिने ज्या माफीची वाट बघत बसले ती आठव्या दिवशीच मागून झाली होती, आमच्याच घरात, जमिनीवर बसून.

मी आईवर ओरडले नाही.  आणखी काय बोलली एवढंच विचारलं. आई म्हणाली, ते मिठाचं पुस्तक काढून दाखवत होती. तुझ्या त्या बायलेचं पुढे काय होतं ते सगळं सांगितलं तिने मला, पार शेवटापर्यंत. म्हणाली, काकू, तुम्हाला आधी सांगते, हिला सांगू नका, हिला मी वाचून दाखवणार आहे.

तिच्यासमोरचं तांदळाचं सूप मी बाजूला सारलं. मी आईला धरून विचारलं, काय सांगितलं, आठव. काय होतं तिचं, परत जाते ती, की राहते?

आईने आठवून बघितलं. तिने खरंच प्रयत्न केला, मी बघत होते.

“सांगल्यान होता,” ती म्हणाली. “पण माझा लक्ष खंय होता तेच्यात. मी तिच्या तोंडाकडे बघी होतंय. किती सुकलली गो ती. मी इच्यारलंय पण, बरा नाय काय तुका? तर म्हणाली, ह्यां चालायचाच, काकू.”

तेव्हाच दिसत होतं, शुभदा. फेब्रुवारीत. त्या कार्यक्रमात मी तुझ्यासमोर दीड तास बसले होते, आणि बघत होते फक्त आईकडे कोण बघतंय ते.